पाण्याचा निष्पक्ष अभ्यास

३ मार्च
आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कच्या घरी पाण्याच्या मशीनचा डेमो. विक्रेत्याने नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले : पिवळट. मशीनच्या पाण्यात टाकले : जांभळं! सगळे अवाक. म्हणे, अल्कलाइन पाण्याने शरीरातलं आम्ल धुऊन निघतं, त्यातल्या हायड्रोजनने पेशी तरुण होतात. मी असा वाहवत जाणारा नाही. आधी निष्पक्ष अभ्यास, मग निर्णय.

४ मार्च
मशीन घेतलं. अभ्यासाला लागणारच.

७ मार्च, सकाळ
झोप नाही. सारखा उठत होतो. विष बाहेर पडतंय. बायको म्हणते, झोपताना एवढं पाणी ढोसल्यावर दुसरं काय होणार. तिला विज्ञानाचं वावडं.

९ मार्च
दुसरी बाजूही ऐकावी म्हणून आमच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, पोटात मुळातच आम्ल असतं, तिथे पोचलं की अल्कलीचा खेळ खलास. रक्ताचा तोल फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. हायड्रोजनवर थोडेफार लहान अभ्यास आहेत, ठोस काही नाही. नुसता शिष्टपणा! विक्रेत्याचा म्हातारा मेहुणा हे पाणी पिऊन जिने धावत चढतो, त्याचं काय? मी पाहिलेला नाही, पण विक्रेता रोज पाहतो.

१२ मार्च
ताई आली. थोरली बहीण. बीपीच्या गोळ्या खाऊन कंटाळली आहे. तिला बाटल्या भरून दिल्या. तिने विचारलं, गोळ्या चालू ठेवू का रे? मी नीट विचार करून सांगितलं, दोन्ही एकदम नको, नाहीतर गुण कशाचा आला ते कळणार कसं? अभ्यासाला शिस्त हवी. ताई म्हणाली, "तू म्हणतोस तर तसं."
घरात निदान एक माणूस तरी मला ओळखून आहे.

१६ मार्च
ताईचा फोन. डोकं जड वाटतंय. मी म्हटलं, आम्ल निघताना असंच होतं. फोन ठेवल्यावर उगाच घरभर फेऱ्या मारल्या. पुन्हा फोन करावासा वाटला. केला नाही. निरीक्षणात ढवळाढवळ नको.
बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, शतपावली.

१९ मार्च, दुपार. हॉस्पिटल.
ताई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. भाच्याने इथे आणलं. बीपी आभाळाला भिडलं होतं, आता उतरतंय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं? मी खिडकीबाहेर बघत उभा. ताई म्हणाली, "कुणी नाही हो. माझी मीच विसरले."
उद्यापासून तिच्या गोळ्यांवर मी जातीने लक्ष ठेवणार.
थोड्या वेळाने नर्सने कोपऱ्यातल्या नळाखाली ग्लास भरून दिला. ताईने एका दमात संपवला. पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "आत्ता कुठे बरं वाटलं. तुझ्या मशीनचंच ना रे हे?"
मी हो म्हणालो.