जेटिंग बाकी असलेली गाडी

मी, लालासाहेब कोंडीबा गिड्डे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, राहणार आटपाडी, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसाजे: माझे डोके ठिकाणावर आहे, हातपाय चालतात, मला कोणी दमदाटी केलेली नाही आणि मी कसल्या अमलाखाली नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यात त्यांनी माझ्या कानांबद्दल एक ओळ जादा लिहिली आहे, तिचा खुलासा पुढे येईल. मूळ मसुदा सांगलीचे वकील अजितकुमार भरतेश मगदूम यांनी केला होता. तो वाचल्यावर मेलेला माणूस कोणी परकाच वाटला, म्हणून मी माझ्या हाताने पुन्हा लिहिला.

कलम १. माझी पत्नी मनुबाई वारली आहे. मला अपत्ये दोन. मुलगा जयराज, फौजेत सुभेदार. मुलगी शिवांजली, महाबळेश्वरास दिली आहे. ती आणि जावई यशराज तिथे स्ट्रॉबेरीचे शेत पाहतात आणि पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतात. तिसरा कोणी वारस म्हणून उभा राहिल्यास तो खोटा समजावा.

कलम २. राहते घर, मागची मोकळी जागा व बँकेतील शिल्लक दोघांना निम्मी-निम्मी. जयराजला घर विकायचे झाल्यास त्याने बहिणीला आधी विचारावे, नंतर कळवू नये. मनुबाईच्या पाटल्या शिवांजलीच्या आहेत. आई गेल्यावर मी त्या पुढे केल्या तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तात्या, हितंच बऱ्या हायेत." आता न्याव्यात.

कलम ३. गॅरेजमधील सर्व हत्यारे शंभूराज सरगर यास द्यावीत. होय, त्यालाच. स्टँडसमोर त्याचे गॅरेज झाल्यापासून तो गावभर सांगत आला की टू-स्ट्रोकचा जमाना गेला, लालासाहेब नुसता धूर विकतो. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. पण त्याचा हात साफ आहे, तो नटाचे कोपरे कधी मारत नाही, आणि माणसावरचा राग हत्यारांवर काढू नये. फक्त गोल कानस यात धरलेली नाही. ती त्याने एका दिवसासाठी म्हणून नेली ती अजून आणतोच आहे.

कलम ४. माझी काळ्या रंगाची टू-स्ट्रोक मोटारसायकल शिवांजलीस. या कलमाला जागा जास्त लागेल.

धंद्यातले ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरची तोंडे कानशीने मोठी केली, सायलेन्सर बदलला, की इंजिन जास्त हवा ओढते. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले तर ते तापते आणि पिस्टन धरतो, म्हणजे आतच जाम होतो. म्हणून कार्बोरेटरमधला जेट बदलावा लागतो, यालाच जेटिंग म्हणतात. जेट म्हणजे आरपार भोक असलेला पितळेचा बारका स्क्रू, करंगळीच्या नखाएवढा. आधी मोठ्या भोकाचा बसवायचा आणि एकेक नंबर खाली यायचे. घाईने लहान बसवणारा गाडी ढकलत घरी येतो.

हे काम एकट्याचे नाही. एकाने मोकळ्या रस्त्याला पूर्ण रेस देऊन जायचे, दुसऱ्याने कडेला उभे राहून ऐकायचे. पेट्रोल जास्त होत असेल तर गाडी बोबडी बोलते. कमी पडत असेल तर आवाज पातळ आणि चिरका होतो. या दोन्हींच्या मधे एक जागा आहे, तिथे आवाज सरळ सुटतो. मग प्लग काढून बघायचा. त्याला भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग आला की काम झाले. चालवायला शिवांजली आणि ऐकायला मी, अशी आमची वाटणी तिच्या कॉलेजच्या दिवसांपासून तिचे लग्न होईपर्यंत होती. दिघंचीच्या रस्त्याला मी बाभळीखाली उभा राहायचो. ती फेरी मारून यायची आणि हेल्मेट काढायच्या आत विचारायची,

"तात्या, कसं बोलतीया?"

"बोबडं. आणिक एक नंबर खाली घे."

"आवं, कालबी त्येच म्हणलासा. आज प्लग तरी बगा आदी."

"प्लग मागनं. माजं कान काय खोटं बोलत्यात व्हय?"

ती हसायची, कट्ट्यावर बसून जेट बदलायची, हात माझ्याच धोतराला पुसायची. दुपारी मनुबाईने दिलेला भाकरीचा डबा आम्ही तिथेच खायचो. मला ते दिवस फार आठवतात. रोज आठवतात, हे वकिलांच्या मसुद्यात नव्हते.

गेल्या दिवाळीपर्यंत गाडी बिनतक्रार चालत होती. मग मी ती खोलली. सिलिंडरची तोंडे वाढवली, हेड घासले, नवा सायलेन्सर करून घेतला. शंभूराज बघायला आला आणि म्हणाला, "तात्या, चांगली चालती गाडी कशापायी खोलली? या वयात शर्यतीला निघालाय व्हय?" त्याला मी उत्तर दिले नाही, इथे देतो. जेटिंगला दोन माणसे लागतात, म्हणून खोलली.

शिवांजली येत नाही असे नाही. सकाळी येते, स्वयंपाक करते, फ्रिज पुसते, माझ्या औषधांच्या तारखा बघते आणि दिवस मावळायच्या आत परत निघते. तिचा दोष नाही, घाटातला रस्ता आहे आणि घरी पाहुणे असतात. फोनवर म्हणते, "येते की तात्या. सीझन सरला की ऱ्हायलाच येते." स्ट्रॉबेरी सरली की मे महिन्याचे पाहुणे, ते गेले की धुवांधार पाऊस आणि गळकी छपरे, मग दिवाळीचे पाहुणे. महाबळेश्वरचा सीझन सरल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

सबब गाडी जेटिंगविना उभी आहे. ती कोणीही चालवू नये, जयराजनेही नाही. वर महाबळेश्वरला नेण्याआधी ती आटपाडीच्या हवेला लावून घ्यावी आणि वर गेल्यावर पुन्हा जेट उतरवावा, कारण तिथे हवा विरळ आहे. टेम्पोत घालून नेऊ नये.

कलम ५. आता कानांचे. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की उजवा कान गेल्यात जमा आहे आणि डावाही त्याच वाटेने चालला आहे. बारीक आवाज आधी जातात म्हणे. त्यांनी मला मशीन लावून दाखवले. डॉक्टर, पंखा आणि बाहेरचा रिक्षावाला, सगळे एकाच मापाने ऐकू आले. माणसांशी बोलण्यापुरते ते भागेल, पण बोबडा आवाज कुठे संपला आणि सरळ कुठे सुटला, हे त्यात कळणार नाही. बाकी तब्येत खणखणीत आहे. मी अजून पुष्कळ जगेन आणि गाडी मला ऐकू येणार नाही, याचीच मला धास्ती आहे.

कलम ६. हे कलम वकिलांच्या मते टिकणारे नाही. आमच्या भागात बाप गेल्याचा फोन आला की लेक असेल तशी निघते. तेव्हा सीझन आडवा येत नाही, पाहुणे आडवे येत नाहीत, आणि तेरावा होईपर्यंत ती माहेरातून हलत नाही. ते तेरा दिवस मला हयातीत पाहिजेत. जेटिंगलाही तेवढे लागतातच. म्हणून कलम ४ पुरते मला आजच्या तारखेस मयत समजावे आणि शिवांजलीने त्याप्रमाणे यावे.

अजितकुमार म्हणाले, "तात्या, जित्या माणसाला असं लिहिता येत नाही."

मी म्हणालो, "मेल्याला तर त्याहून येत न्हाई."

याच्या बदल्यात, मी खरोखर जाईन तेव्हा तिने सकाळी मातीला यावे आणि दिवस मावळायच्या आत परत जावे. तेराव्याला थांबू नये. "लेक असून थांबली न्हाई" असे भावकीत जो कोणी म्हणेल त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. तिने तिचे दिवस आधीच भरलेले असतील.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अजितकुमार मगदूम करतील. कलम ४ ते ६ ची प्रत मी आजच पोस्टाने महाबळेश्वरला रवाना केली आहे. बाकीची कलमे माझ्या पश्चात उघडली तरी चालतील.

शिवांजली, ये पोरी. अजून ऐकू येतंय.

सही: लालासाहेब कोंडीबा गिड्डे

वरील सही त्यांनी आमच्यासमोर केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. लिहिणारे शुद्धीवर होते. आमचे बोलणे मात्र त्यांना दोनदा सांगावे लागले.

साक्षीदार १: चंद्राबाई यशवंत मोटे, शेजारी, आटपाडी
साक्षीदार २: अजितकुमार भरतेश मगदूम, वकील, सांगली

ठिकाण: आटपाडी
दिनांक: १७ जानेवारी २०२५