काटई नाक्यापर्यंतचा सायकलवीर

मानपाडा, डोंबिवली पूर्व
८ जानेवारी २०२४

ति. नीलाताईस,
महेंद्रचा सप्रेम जय भीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲपला तू हात लावत नाहीस, म्हणून बावन्नाव्या वर्षी पुन्हा पत्रं लिहायला लागलोय. डॉक्टरांनी साखरेवरून झापल्यावर मी सायकल घेतली. गेले दोन महिने मानपाड्याहून कोपरीच्या ऑफिसला तिच्यावरूनच जातोय, वीसेक किलोमीटर. पहिल्या दिवशी वॉचमनने विचारलं, सायकल कोणाच्या मुलाची आणलीत. वळताना आधी माझं पोट वळतं, मग सायकल.

ऑफिसात मात्र माझा भाव वधारलाय. ४ फेब्रुवारीला, रविवारी, स्टाफमधले दहाजण माझ्या घरापासून ऑफिसपर्यंत माझ्या मागून सायकली चालवणार आणि शेवटी शाल-नारळ देऊन माझा सत्कार. भाषण लिहायला घेतलंय. तू आता काळजी सोड.

तुझी माया वाढती राहो, ओरडा कमी होवो.
तुझा,
महेंद्र

महाड
१६ जानेवारी २०२४

चि. महेंद्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र माझ्या आसावरीने मोठमोठ्याने वाचून दाखवलं. आईला ऐकू येत नाही म्हणजे दिसतही नाही, असं या मुलीला वाटतं. हसून पुरेवाट झाली. मग रडलेही, लपवत नाही. बाबांनी साखर मनावर घेतली नाही आणि शेवटी त्यांचा पाय कापावा लागला. दीड वर्ष ड्रेसिंग मीच केलं. तू कॉलेजात होतास, तुला फारसं बघू दिलं नाही. तेव्हापासून तू भेटलास की माझं लक्ष आधी तुझ्या पायांकडे जातं.

एक सांग, साखर तपासलीस का? पत्रात वॉचमन आहे, शाल आहे, नारळ आहे, साखरेचा आकडा नाही. मी शाळेत पोरांचे पेपर तपासलेत, गाळलेला प्रश्न मला लगेच दिसतो.

उत्तर लिहिण्याइतका लोभ ठेवावा.
तुझी ताई,
नीला

मानपाडा
५ फेब्रुवारी २०२४

ति. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

मी सायकलने ऑफिसला जात नाही. काटई नाक्यापर्यंत जातो, जेमतेम तीन किलोमीटर. तिथे पाण्याच्या जारचा टेम्पो घेऊन जगन थांबतो. सायकल मागे जारवर, मी पुढे त्याच्या शेजारी. ऑफिसच्या एक गल्ली अलीकडे उतरतो आणि त्याच्याच जारमधलं पाणी कपाळावर आणि शर्टाच्या पाठीवर मारतो, घाम दिसावा म्हणून. घरात बायकोला, रसिकालाही पत्ता नव्हता. पहिले चार दिवस खरंच पूर्ण गेलेलो. पाचव्या दिवशी काटईला दमून बसलो, जगनला दया आली आणि मला त्या दयेची सवय लागली.

काल मी सगळ्यांच्या पुढे, गळ्यात शिट्टी. काटईला मान खाली घालून जोरात पेडल मारले. पण जगनची रविवारीही फेरी असते. त्याने सवयीने टेम्पो बाजूला घेतला, मागचा फाळका पाडला आणि म्हणाला, "चला दादा, टाका सायकल. पन एवढ्या सगळ्यांना जागा नाय."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "साहेब, मी रोज इथून टेम्पोत बसतो."

कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. आमच्या सेक्शनमधली स्वप्ना म्हणाली की आज तरी चला. मग पुढचा सगळा रस्ता मी खरंच चालवला. मुंब्र्याच्या चढणीला उतरून ढकलली. कळव्याला स्वप्ना मागून ओरडत आली, तर तिच्या हातात माझी डावी चप्पल. मुंब्र्यातच पडली होती म्हणे. तेव्हा सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. नारळ मिळाला. शाल साहेब परत घेऊन गेले.

घरी पाय धुताना पाहिलं, तर डाव्या तळव्याचं कातडं सोललेलं, रक्त आलेलं. दुखत नव्हतं, ताई. चप्पल पडल्याचंही कळलं नव्हतं. साखर मी सायकल घेतल्यापासून तपासलेली नाही. स्वतःची थट्टा करत हे पत्र पुरं करायचं ठरवलं होतं, जमत नाहीये. मला भीती वाटतेय.

रागाव, पण माया आवरती घेऊ नकोस.
महेंद्र

महाड
८ फेब्रुवारी २०२४

चि. महेंद्रास,
आशीर्वाद.

पत्र आसावरीच्या हाती पाठवतेय. ती दारात आली की चहा करत बसू नका, तिच्याबरोबर तसाच डॉक्टरांकडे जा. माझं कानाचं मशीन उद्या मिळतंय, ते लावून शनिवारी पोहोचते. खोटं का बोललास, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. लोभ आहेच, त्याची चिंता करू नकोस.

तोवर एकच ऐक. पायाला काही कळतंय का, हे बघायला गरम पाण्यात पाय बुडवू नकोस. बाबांनी बुडवला होता. ते पाणी मीच तापवून दिलं होतं.

तुझी ताई,
नीला