चौथ्या थरावरची दिता

तारागोना, सोमवार, १० ऑक्टोबर १९९४

ती. काझिमिरामावशीस,

दिताचा सा. न. वि. वि. त्यातला साष्टांग तूर्त उधार ठेव. माझे दोन्ही गुडघे सोलले आहेत, त्यामुळे उभ्यानेच वाकते. आशीर्वाद मात्र पूर्ण दे.

हे पत्र आई दुपारची डुलकी काढत असेल तेव्हा वाच आणि चुलीत घाल. तिला मी वेगळं पत्र टाकलंय. काल मी मैत्रिणींबरोबर एक जुना मठ बघून आले, असं त्यात आहे. मठ खरंच आहे. आमची बस त्याच्यावरून गेली.

आता खरं काय ते. माझ्या वर्गात तेक्ला नावाची इथलीच मुलगी आहे. तिचं अख्खं घर आणि अर्धी गल्ली दर रविवारी बस करून वेगवेगळ्या गावी जाते, तिथल्या चौकात माणसांवर माणसं चढवून मनोरा उभा करते, जेवते आणि परत येते. सहल म्हणून तिने मला आणि माझ्या खोलीतल्या इंगूनला बरोबर नेलं. इंगून नॉर्वेची. इतकी उंच की खोलीत शिरताना दर वेळी चौकटीला कपाळ आपटते आणि चौकटीचीच माफी मागते.

आम्ही आपल्या बदाम खात बाजूला उभ्या होतो. तेवढ्यात कोणीतरी दंड धरून आत ओढलं. इथे विचारण्याची पद्धत नाही. मनोऱ्याच्या बुंध्याला जितकी माणसं तितकी थोडी, म्हणून जो दिसेल त्याला दाबून बसवतात. बदाम गेले ते गेलेच.

पुढच्या रविवारी तेक्लाच्या वडिलांनी मला कमरेला धरून उचललं, कलिंगड उचलून बघतात तसं. तेच या मंडळींचे नायक. म्हणाले, एवढा हलका जीव खाली ठेवणं म्हणजे नासाडी आहे. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तालमीला जाते. काल तिसऱ्या थरापर्यंत गेले आणि उतरताना गुडघे फोडून घेतले. मला चौथ्या थरासाठी तयार करताहेत.

आता कळलं ना चुलीत का घालायचं? बाबा बुचाच्या झाडाची साल काढताना वरून पडून गेले त्या उन्हाळ्यापासून आईने मला स्टुलावर चढू दिलेलं नाही. बोळातला दिवा गेला की तो बदलायला तुम्ही पोस्टमनची वाट बघत बसता. निघताना तिने बजावलं होतं, खोली तळमजल्यावरचीच घ्यायची, आणि कुठे उंचावर चढलीस असं कानावर आलं तर शिक्षण बंद, पहिल्या गाडीने घरी. ती बोलते ते करते.

मला घरी यायचं नाही, मावशी. आणि चढणं सोडायचंही नाही. वर उभी राहिले की मला बाबा आठवतात आणि रडू येत नाही. असं सहा वर्षांत पहिल्यांदाच झालं.

लोभ आहेच तो असू दे, तोंड मात्र बंद असू दे.

तुझी,
दिता


पोर्तेल, १८ ऑक्टोबर

चि. दिता हिस अनेक उत्तम आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

पत्र चुलीत घातलं. आधी तीनदा वाचलं, मग घातलं. त्या दिवशी माझा पाव करपला आणि तुझ्या आईने, देओलिंदाने, विचारलं की माझं लक्ष कुठे असतं. मी म्हटलं, देवाकडे. तिचा विश्वास बसला नाही.

तुझी मठाची पत्रं ती बेकरीत मोठ्याने वाचून दाखवते. बायका माना डोलावतात. पाद्रीबाबा तर म्हणाले, पोरगी सुधारली. हे काही खरं नाही, दिता. पहिल्या कम्युनियनला प्रसाद भरवणाऱ्या पाद्रीबाबांचं बोट ज्या पोरीने चावलं होतं, ती एवढी मठांच्या नादी लागते हे मला पटणार नाही, मग तुझ्या आईला कसं पटेल? मध्ये मध्ये जेवणाला नावं ठेव. पैसे माग. इंगूनशी भांडण झालं असं लिही. निदान कोणी ओळखीची मुलगी लिहितेय असं तरी वाटेल.

तुला मी हो म्हणत नाही. मला भीती वाटते, ती लपवत नाही. तुझा बाप माकडासारखा चढायचा आणि त्या दिवशी दारूचा थेंबही प्यालेला नव्हता, पाद्रीबाबा काही का सुचवोत. तरी पडलाच. देओलिंदा तेव्हा जेवणाचा डबा घेऊन निघाली होती. ती पोचली तेव्हा त्याच्याभोवती फक्त झाडं होती. तेव्हापासून उंच काही दिसलं की ती मान फिरवते, चर्चचा मनोरासुद्धा बघत नाही.

खोटं बोलायला मला आवडतं हे तुला माहीतच आहे. पण तुझ्या जिवावरचं खोटं पोटात ठेवणं जड जातंय. तू पडलीस, तर मला ठाऊक होतं हे मला तिला सांगावं लागेल. त्यापेक्षा मीच चढते एखाद्या झाडावर.

न्याहारी केल्याशिवाय चढू नकोस. आणि त्या मंडळींत कोणी पन्नाशीचा, धडधाकट विधुर असेल तर कळव. सहज विचारते.

इकडे तुझ्या काळजीने वाळत चाललेली (तीन किलो वाढले, ते वेगळं),
मावशी


तारागोना, ३१ ऑक्टोबर

ती. मावशीस, दिताचा सा. न. वि. वि. आज साष्टांगसुद्धा. गुडघे भरून आले.

विधुर आहे. बार्तोमेउ नाव, खाटीक, बुंध्यातला मुख्य खांब. पाठ आपल्या तबेल्याच्या दाराएवढी. घोरतो, असं बसमधल्या सगळ्यांचं म्हणणं. पुढचं तुझं तू बघ.

काल चौथ्या थरावर उभी राहिले. आधी कमरेला लांबच लांब काळा पट्टा गुंडाळायचा. एक टोक तेक्लाने ताणून धरलं आणि मी गिरक्या घेत तिच्यापर्यंत गेले. तो पट्टा इतका आवळतात की जेवलेलं आठवतं. वर येणारा त्यावरच पाय रोवतो. मग शर्टाची कॉलर दातात धरायची, म्हणजे चढणाऱ्याच्या ओढीने ती खांद्यावरून सरकत नाही. त्यामुळे वर जाताना किंचाळायचं म्हटलं तरी सोय नाही. खाली सनया सुरू झाल्या की समजायचं, आता मागे फिरणं नाही.

माझ्या खांद्यांवरून सगळ्यात वरची चिमुरडी गेली, टोकाला हात उंचावला, उतरली. माझ्या पायांखालच्या बाईचे खांदे थरथरत होते आणि माझे पायही. कोणाची थरथर कोणाला लागली ते कळेना.

गेल्या पंधरवड्यात एकदा कोसळलोही. तुझ्यापासून लपवत नाही. पडले ती माणसांवरच पडले. इंगूनच्या डोक्याला टेंगूळ आलं आणि बार्तोमेउने सगळ्यांना शिव्या घातल्या. मग सगळे जेवायला बसलो.

आता १३ नोव्हेंबरला हंगामातला शेवटचा मोठा मनोरा, सात थरांचा, वाल्सच्या पलीकडच्या एका गावात. चौथा थर माझा. आईला मी या वेळी एका रविवारात तीन मठ बघितल्याचं लिहिलंय. जरा जास्त झालं का गं?

असाच लोभ ठेव, आणि त्या रविवारी मेणबत्ती लाव. दोन लाव.

तुझी,
दिता


पोर्तेल, शनिवार, १२ नोव्हेंबर

चि. दिता हिस आशीर्वाद. घाईत आहे.

देओलिंदा आज पहाटेच्या गाडीने तुझ्याकडे निघाली. हे पत्र तिच्यानंतर पोचणार हे मला कळतं, पण लिहिल्याशिवाय माझा हात थांबेना. कॅफेतल्या फोनवरून तुझ्या घरमालकिणीला गाठलं. ती तिच्या भाषेत ओरडली, मी माझ्या भाषेत ओरडले, दोघींनी फोन ठेवले.

तीन मठांनी घात केला. तुझी आई म्हणाली, एका रविवारात तीन मठ फक्त दोन प्रकारच्या मुली बघतात, एक जोगीण होणारी आणि दुसरी पोटुशी. आणि माझी पोर जोगीण होणं शक्य नाही. मी म्हटलं, अगं, तिला वास्तुकला आवडते. तर माझ्याकडे अशी बघितली की मी कोंबड्यांना दाणे घालायला निघून गेले, दुसऱ्यांदा.

तिने एका पिशवीत सॉसेजं घेतलीत आणि दुसऱ्या पिशवीत तुझी लहानपणची झबली-टोपडी. कान धरून घरी आणते, म्हणाली. चढण्याचं तिला काही ठाऊक नाही. मी एक शब्द बोललेले नाही, मरियामातेची शपथ. ती उद्या सकाळी पोचेल आणि उद्याच तुझा तो रविवार. तिने तुला वर बघितलं तर काय होईल, माझ्याच्याने विचार करवत नाही. चढू नकोस गं उद्या. पण हे तुला मिळणार पुढच्या आठवड्यात.

तोवर लोभ, धीर, सगळं देवाच्या हवाली.

मावशी


तारागोना, सोमवार, १४ नोव्हेंबर

चि. काझिमिरा हिस आशीर्वाद. तुझ्या वास्तुकलेचं मी घरी आल्यावर बघते.

पोरगी पोटुशी नाही. हे आधी सांगते, म्हणजे तू खुर्चीवर नीट बसशील.

काल सकाळी पोचले तर खोलीला कुलूप. घरमालकिणीने हातवारे करून सांगितलं की सगळे गेले सहलीला, आणि तिच्या भाच्याच्या गाडीत मला कोंबलं. मठाजवळ सोड, म्हटलं. तो म्हणाला, कुठला मठ? मी दात असे आवळले की अजून जबडा दुखतोय.

त्या गावच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. सनया अशा किंचाळत होत्या की डुक्कर कापताहेत असं वाटावं. मी आपली पोट असलेली मुलगी शोधत फिरत होते. तोच कोणीतरी माझ्या दोन्ही पिशव्या काढून घेऊन कारंज्याच्या कठड्यावर ठेवल्या, आणि एका धटिंगणाने मला खांद्याला धरून गर्दीत वळवलं. मला वाटलं, संताची मूर्ती येतेय आणि ही दर्शनाची रांग आहे. मी त्याला सांगितलं की मी पोर्तेलची, विधवा बाई आहे, मुलीला शोधतेय. त्याने मान डोलावली, माझे हात आपल्या खांद्यावर ठेवले आणि तो पाठ फिरवून उभा राहिला. मागून दुसऱ्या बाईने मला दाबलं. माझं नाक थेट त्याच्या काखेत. लसूण खाल्लेला होता. खाटीक आहे म्हणे.

मागच्या बाईला आपली भाषा थोडीफार कळत होती. ती म्हणाली, मान खाली, वर अजिबात बघायचं नाही, वरून कोणी आलं तर मान मोडेल. वरून कोण येणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, पोरं. मी म्हटलं, कोणाची पोरं? ती म्हणाली, आपली, आणि ढकल आता.

काझिमिरा, वजन वरून येत नाही. ते समोरच्या पाठीतून छातीत येतं. बरगड्या अशा दाबल्या गेल्या की मला वाटलं संपलं सगळं, आणि कोंबड्यांच्या खुराड्याची किल्ली माझ्याच खिशात आहे हे आठवलं. मी प्रार्थना म्हटली. मग शिव्या दिल्या. मागच्या बाईने माझ्यापेक्षा चांगल्या दिल्या. मध्येच सगळ्या पाठींमधून एक थरकाप आला. वर काहीतरी डुलत होतं. माणसं गुरगुरली. मी कोण, तिथे काय करते, काही उरलं नाही, मी फक्त ढकलत राहिले. मनात एवढंच की वर कोणाचं तरी पोर आहे आणि ते पडता कामा नये.

मग सनईचा सूर बदलला, लोक ओरडले आणि वरची माणसं आमच्या खांद्यांवरून चालत उतरू लागली. दोघंतिघं गेली. मग एक अनवाणी पाय माझ्या खांद्यावर पडला, माझ्या नाकासमोर. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. माझ्या बाल्तासारची करंगळी. जगात ती दोनच माणसांना होती, त्यातला एक गेला. मी तो घोटा धरला आणि सोडला नाही.

तिने खाली बघितलं आणि पांढरीफटक पडली. कॉलर दातात होती म्हणून ओरडता येईना. खाली ओढली, आधी थोबाडीत दिली, मग पोट चाचपून बघितलं. सपाट. मग मला जे रडू आलं ते त्या खाटकाच्या शर्टाला विचार. दितापेक्षा तो जवळ होता. इतकी वर्षं तू माझ्या डोक्यावर मिरे वाटलेस, आता पायही दिलास, असं मी तिला म्हटलं, तर निर्लज्जासारखी हसली. मग तीही रडली.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली. ती म्हणाली, आई, मी पुन्हा चढणार नाही, पण घरी नेऊ नकोस. पोरगी थरथरत होती. वर असतानासुद्धा थरथरली नसेल एवढी. मी येताना ठरवून आले होते, कान धरायचा आणि न्यायचं. तोंडावर आलं होतं.

पण बाल्तासार पडला तेव्हा खाली कोणी नव्हतं, काझिमिरा. सहा वर्षं मी उंचीला शिव्या घालतेय, झाडाला, त्याला, आणि खरं तर एवढंच होतं. खाली कोणीच नव्हतं. डबा घेऊन मी वाटेतच होते. काल सगळा चौक खाली होता, आणि त्यात मी होते.

मी तिला चढ म्हटलेलं नाही. चढू नको असंही म्हटलेलं नाही. येत्या रविवारी हंगामाचा शेवटचा छोटा मनोरा आहे, तेव्हा मी खाली उभी राहणार एवढंच सांगितलं. त्यांच्या नायकाला माझी उंची बरोबर वाटली. खाटकाच्या मागे जागा दिलीय. म्हणजे त्यानंतरच येईन. किल्ली माझ्याकडे आहे, तेव्हा खुराड्याचं कुलूप तोड.

तुझ्यावर लोभ आहे, पण पोर्तेलला आल्यावर तो आधी तुझ्या पाठीत घालीन, मग उरला तर बाकीचा देईन.

तुझी थोरली बहीण,
देओलिंदा