परीक्षेला बसलेली दाढ

२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर कधीही विचारलं तरी तू सगळं मस्त आहे म्हणतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रात खोटं बोलायला माणसाला टेबलाशी बसावं लागतं, आणि तेवढा तू कामसू नाहीस.

परीक्षेच्या तारखा आल्या. चौदा, पंधरा, सोळा एप्रिल. पहिल्या दिवशी लेखी, दुसऱ्या दिवशी रबरी तोंडाच्या पुतळ्यावर आणि तिसऱ्या दिवशी जिवंत माणसावर. जिवंत माणूस ज्याचा त्याने आणायचा. त्याच्या दाढेत कीड हवी, ती दोन दाढांच्या फटीत हवी, एक्स-रेत दिसायला हवी, पण आतल्या नसेला पोचलेली नको. उथळ असली तर परत पाठवतात, खोल असली तरी परत पाठवतात. माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा कुणी इतक्या अटी घातल्या नव्हत्या.

हा तिसरा प्रयत्न, आणि चौथा देत नाहीत. माझी परदेशातली पदवी इकडे चालत नाही म्हणून अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या दवाखान्यात थुंकी ओढायची नळी धरून उभी आहे. ज्याच्यासाठी धरते तो डॉक्टर माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आहे आणि मला मावशी म्हणतो. या वेळी गेले, तर ती नळी जन्माची माझी.

सुट्टीत मी सगळ्यांच्या तोंडात बॅटरी मारत फिरत होते, आठवतं? तुझी खालची डावी दाढ बघून माझे डोळे भरून आले होते. इतकी बेताची, नेमक्या जागची कीड मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. वहिनींनी मात्र तोंड उघडलंच नाही. म्हणाल्या, माझे दात माहेरचे आहेत, सासरच्यांनी त्यात डोकावू नये.

तर हात जोडून सांगते, सहा आठवडे ती दाढ कुठल्याही डॉक्टरला दाखवू नकोस. दर रविवारी थंड पाण्याचा घोट तिच्यावर धर आणि कळ किती सेकंद टिकते ते मोजून कळव. पाच सेकंदांच्या आत असेल तर दाढ माझी. जास्त टिकली तर नस दुखावली असं समजायचं. मग परीक्षा गेली खड्ड्यात, उपचार आधी.

माझ्यावरचा लोभ आणि ती दाढ, दोन्ही आहेत तशीच ठेव.

तुझी,
ठकू

२३ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी ठेव सुखरूप आहे. पहिल्या रविवारी दोन सेकंद, दुसऱ्या रविवारी दोन, काल दीड. म्हणजे सुधारणाच आहे. परीक्षेच्या आत बरी होऊन तुला तोंडघशी पाडते की काय, एवढीच भीती वाटते.

वर्गात हल्ली दऱ्या शिकवतो आहे. पाणी झिरपत झिरपत खडक कसा पोखरतं ते सांगताना जीभ आपोआप डावीकडे जाते. भूगोल इतका जवळून पूर्वी कधी कळला नव्हता.

तू वाचन कर. मी सोळाला पहिल्या बसने, सकाळी सातच्या आत, दाढेसकट हजर राहीन. लहानपणी तुझ्या सायकलला मागून धरायचं सोडलं आणि तू पडलीस, ते अजून ऐकवतेस. या वेळी सोडणार नाही.

आमची काळजी तेवढी तुझ्या पुस्तकांत ठेवू नकोस.

तुझा,
दादा

११ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र ऑफिसातून लिहिते आहे. पाणी येत नाही म्हणून भांडायला आलेली सात माणसं समोर उभी आहेत, त्यांना वाटतंय मी त्यांचीच तक्रार लिहून घेते आहे.

तुमचे बंधू खोटं बोलतात. तुम्हाला वाटतं तितके ते आळशी नाहीत. तीन आठवडे डाव्या बाजूला घास गेलेला नाही. गाल तळहातात धरून बसतात, आणि मी पाहिलं की विचार करत असल्याचं नाटक करतात. एकवीस वर्षांत मी त्यांना इतका विचार करताना पाहिलेलं नाही. वर्गात बोलत नाहीत, सगळं फळ्यावर लिहितात. मुलांना वाटतं सर चिडलेत, त्यामुळे शिस्त सुधारली आणि मुख्याध्यापकांनी कौतुक केलं.

परवा मी त्यांना पाणी प्यायला लावलं आणि घड्याळ धरलं. पन्नास सेकंद. त्यानंतर माझ्या अंगावर ओरडायलाही त्यांना तोंड उघडता आलं नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर पाटीवर लिहून दाखवलं, सोळानंतर.

तुमची परीक्षा मोठी आहे, मला कळतं. पण नवराही माझा एकच आहे. काय करायचं ते तुम्ही सांगा, माझं ते ऐकत नाहीत. राग आला तर येऊ द्या, ओढ कमी होऊ देऊ नका.

तुमची,
वहिनी

१४ एप्रिल, संध्याकाळ

दादा,

मायना घालायला वेळ नाही. वहिनींचं पत्र आज लेखी संपवून वसतिगृहावर आले तेव्हा मिळालं. परीक्षेच्या दिवसांत इथला फोन कुलपात ठेवतात, म्हणून ही चिठ्ठी तुमच्याकडे येणाऱ्या बसच्या कंडक्टरच्या हाती देते आहे.

उद्या सकाळी डॉक्टरकडे जा. पन्नास सेकंद म्हणजे नस गेली. ती दाढ भरून भागणार नाही, रूट कॅनाल लागेल. सोळाला इकडे पाऊल टाकलंस तर बोलणार नाही तुझ्याशी.

आणि एक गोष्ट लिहून टाकते, नाहीतर उद्या पुतळ्यासमोर तेच डोक्यात घोळत राहील. तू दीड सेकंद लिहिलंस ना, तेव्हाच मला कळायला हवं होतं. कीड कधी सुधारत नाही. पहिल्या वर्षाची पोरगीसुद्धा सांगेल. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि कळून घेतलं नाही. तू खोटं बोललास ते माझ्यासाठी. मी कुणासाठी?

माझं काय ते बघते. फाटकाबाहेर उमेदवार येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडाकडे भुकेल्यासारखे बघत उभे आहेत. आज मी एका टपालवाल्याला जांभई देताना पाहिलं आणि त्याच्या मागे अर्धा रस्ता चालत गेले. सगळे दात धडधाकट निघाले मेल्याचे.

ठकू

१६ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वहिनींच्याच हाती देते आहे. त्यांचा जबडा बधिर आहे, संध्याकाळपर्यंत त्या काही सांगू शकणार नाहीत. तुला सवय नसेल, जपून राहा.

सकाळी सातला मी फाटकाशी रिकाम्या हाताने उभी होते. परत जायचं ठरवलं होतं. तेवढ्यात वहिनी बसमधून उतरल्या. पर्समधून एक टूथपिक काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, चार वर्षं हिच्याशिवाय जेवले नाही, उजवीकडे वर, बघा तुमच्या कामाची आहे का. एक्स-रे काढला. दादा, ती दाढ पुस्तकात छापण्यासारखी होती.

नियम असा, की दुखलं तर पेशंटने डावा हात वर करायचा. वहिनींनी एकदाही केला नाही. वेळ संपायला पंचवीस मिनिटं होती, कीड जवळजवळ काढून झाली होती, आणि माझं लक्ष सहज खुर्चीच्या टोकाकडे गेलं. वहिनींच्या पायांची बोटं चपलेत मुठीसारखी आवळलेली होती. इंजेक्शन नीट लागलंच नव्हतं. त्या किती वेळ तशा होत्या देव जाणे.

अजून दोन मिनिटं रेटलं असतं तर काम झालं असतं. पण दीड सेकंद माझ्या डोळ्यांसमोर आला. मी हत्यार खाली ठेवलं. दुसऱ्या इंजेक्शनला परीक्षकाची सही लागते आणि परीक्षक हॉलच्या दुसऱ्या टोकाला चहा पीत होते. ते आले, सही केली, घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी तेव्हाच निकाल वाचला. घंटा झाली तेव्हा दाढ भरून झाली होती, पण चावून बघायला लावून उंच राहिलेला भाग घासायचा राहिला होता. हात वर का केला नाही विचारलं, तर वहिनींनी कागदावर लिहिलं, तुमचा वेळ जाईल म्हणून. त्याखाली लिहिलं, यांची नस काल काढली, आता वर्गात पुन्हा बडबड सुरू होईल.

मी गेले रे, दादा. उद्यापासून नळी. तुम्हा दोघांना तोंड दाखवायची लाज वाटते, तरी दार उघडं ठेवा.

तुझी,
ठकू

३० मे

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

अर्जात तुम्ही कायमचा पत्ता आमचा दिलात, म्हणून पाकीट इकडे आलं. तुमच्या बंधूंनी ते दोन तास टेबलावर ठेवून त्याकडे पाहिलं. शेवटी भाजी चिरायच्या सुरीने मी फोडलं.

तुम्ही पास आहात. काठावर, पण काठाच्या आतल्या बाजूला. कागद सोबत पाठवते आहे. खाली शेरा आहे: फिलिंग उंच, घासलेले नाही, गुण वजा. त्याखाली दुसऱ्या अक्षरात एक ओळ आहे, काम थांबवण्याचा निर्णय योग्य. तुमचे बंधू ती ओळ घरात येईल त्याला वाचून दाखवतात. काल गॅसवाल्याला दाखवली.

उंच आहे हे मला सांगायला परीक्षक नको होता. दीड महिना प्रत्येक घासाला आधी तुमचं फिलिंग लागतं, मग बाकीचे दात. परवाना नसताना तुम्हाला हात लावता येत नाही, आणि दुसऱ्या कुणासमोर मी तोंड उघडणार नाही. हे माहेरचे दात आहेत, पुन्हा पुन्हा दाखवायचे नसतात.

तेव्हा पाटी लवकर लावा. खुर्ची कुठलीही आणा, जुनी चालेल. पहिला नंबर माझा, आणि या वेळी दुखलं तर मी हात वर करणार आहे.

तुमच्या मायेवर चावत बसलेली,
वहिनी