छोटा गिअर, मोठा आकडा

४ नोव्हें., मंगळ.
क्लच प्लेट पूर्ण जळली आहे. उस्मान मिस्त्रीने आज खात्री करून दिली. काळी पडलेली प्लेट माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "सूंघिए." रविवारपासून मंजूच्या ओढणीला येतो तोच वास.

ताईची मंजू, गुरांची डॉक्टर. परवा घाटीगावच्या पुढे अडलेल्या गायीसाठी सासऱ्यांची जीप घेऊन निघाली होती. दगडी चढावर मध्येच इंजिनाचा दम तुटला, धूर निघाला, जीप मागे घरंगळली. मागचं चाक नाल्यात. तिचं डावं मनगट मोडलं. दोन तास उशिरा कुणाच्या तरी मोटरसायकलवर पोचली, एका हाताने काम केलं. गाय वाचली. वासरू नाही.

सुभेदार सासरे म्हणतात, सून क्लचवर पाय ठेवून चालवते. उस्मानला विचारलं. "पाँव की गलती नहीं है साहब, दाँतों की है." मागचा क्राउन-पिनियन, आसातली दातेरी चक्रांची जोडी, उघडून ठेवलेला. मोठ्या चक्राचे दात ४१, छोट्याचे ११. आधी ४१ आणि १० होते; म्हणजे भागाकार ४.१० चा ३.७३ झाला. "टायर बड़े किए तो आँकड़ा बढ़ाना था. घटा दिया."
कुणी सांगितलं असं करायला?
उस्मान चिंधीने हात पुसत राहिला. "मैंने सूबेदार साहब को टोका था, उल्टा जा रहा है. बोले, बहू के मामा ने छापा है."

५ नोव्हें., बुध.
हिंदी पेपरातल्या माझ्या गाड्यांच्या कॉलमचं कात्रण काढून पाहिलं. रविवार, १२ ऑक्टो., दिवाळीच्या आठवडाभर आधी. मथळा माझाच: 'बड़ा टायर, छोटा गियर'. फार आवडला होता मला.

मजकूर पाऊण भाग बरोबर आहे. मोठा टायर एका फेरीत जास्त जमीन कापतो, म्हणजे सगळेच गिअर न बदलता जड होतात. पहिला जवळजवळ दुसऱ्यासारखा वागतो. चढावर इंजिन गुदमरतं, चालवणारा क्लच अर्धा दाबून गाडी रेटतो. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी सत्तरच्या घरात असते. उपाय, गिअर छोटा करा. सगळं बरोबर.

मग डेस्कवरून तिवारीचा फोन: "दादा, एक उदाहरण डाल दो, आँकड़े वगैरह. पाँच बजे पन्ना छूट रहा है." पावणेपाच झाले होते. छोटा म्हणजे कमी, असं धरून मी ४.१० च्या जागी ३.७३ लिहिलं. मिस्त्री लोक छोटा गिअर म्हणतात तो ताकदीचा, पहिल्यासारखा. त्याचा आकडा मोठा असतो. दातांचा साधा भागाकार. २८ चे टायर ३३ झाले तर ४.८८ च्या आसपास हवं. चौथीतलं गणित.
उस्मानचं गॅरेज ऑफिसच्या वाटेवर आहे. एक फोनही...

६ नोव्हें., गुरु.
मुरारला मंजूच्या सासरी गेलो, सांगायचं ठरवून. जाधवांनी (मंजूचे सासरे, निवृत्त सुभेदार) दारातच हाक मारली, "या लेखकसाहेब! मंजू, मामा आलेत, चाय ठेव. नको, राहू दे, हात तुटलाय तुझा, मीच ठेवतो."
जीपची किल्ली दाराच्या खिळ्याला असायची. आज खिळा रिकामा. किल्ली त्यांच्या खिशात. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात यांनीच ती सुनेच्या हातात दिली होती, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं: "आमची बहू चार गावांत जीप चालवते!"
कपाटाच्या दारावर माझं कात्रण, टेपने चिकटवलेलं. ३.७३ खाली लाल पेनची रेघ.
"तुमच्या लिहिण्याप्रमाणे सगळं करवलं. पुढचं-मागचं दोन्ही. तो उस्मान बडबडत होता, मी बोललो, अखबारवाल्यापेक्षा तुला जास्त कळतं का? गाडीत खोट नाही. पाय जड आहे हिचा."
मंजू खाली बघत होती. "असेल मामा. वासराचा पाय दिसत होता म्हणे बाहेर, घाई झाली माझ्याकडून."
मी चहा प्यायलो. साखर बरोबर आहे म्हणालो. उठून आलो.

७ नोव्हें., शुक्र.
कॉलम दिला. थंडीत बॅटरीची काळजी. बाराशे शब्द, वेळेवर.

टपालाच्या खणात पॉलिटेक्निकमधल्या निवृत्त मास्तरांचं पत्र सापडलं. सापडलं कसलं, तिथेच होतं, मीच ठेवलेलं. सुवाच्य अक्षर: "महोदय, आँकड़ा उल्टा छप गया है. पाठक कहीं बदलवा न ले." वर पोच लिहिलेली, माझ्याच हातची. १६ ऑक्टो. मला आठवतं मी काय म्हटलं होतं. म्हातारा रिकामा बसलाय.
सतरा दिवस होते माझ्याकडे.

९ नोव्हें., रवि.
बॅटरीचा लेख आला. जाधवांचा फोन, "बढिया! आमची पण तपासतो." मी थँक्यू म्हणालो.


१० नोव्हें., सोम.
सांगितलं. दोघांना एकत्र, त्यांच्या ओट्यावर. बोलताना घोटाळा होईल म्हणून कागदावर दात मांडून दाखवले: आधीचे, माझे, हवे होते ते.
जाधवांनी कागद दूर धरून, मग जवळ धरून वाचला. आत गेले. टेप ओढल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा कात्रण हातात नव्हतं. "तुम्ही छापलं होतं," एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग सुनेकडे न बघता, "मी हिला चार लोकांसमोर बोललो."

मी पत्राचंही सांगितलं. सांगणार नव्हतो. मंजूने विचारलं म्हणून: "कुणी सांगितलं नाही का रे तुला, छापल्यावर?"
"आलं होतं एक पत्र."
"कधी?"
सोळा तारीख सांगितली.
प्लास्टरच्या कडेचा दोरा ओढत बसली. "म्हणजे माझ्या आधी."
हो म्हणालो.
"आठ रात्री मी तो चढ पुन्हा चढतेय मामा. दर वेळी पाय लवकर उचलते. दर वेळी."
उठून आत गेली. लहानपणापासून कधी मला ओट्यावर एकट्याला सोडून गेली नव्हती.

१२ नोव्हें., बुध.
तिवारीचं म्हणणं, खाली दोन ओळी टाकू: 'भूलवश 3.73 छप गया, कृपया 4.88 पढ़ें.' मी म्हटलं, पूर्ण कॉलम हवा, माझ्या नावाने, त्याच जागी. शिवाय ४.८८ प्रत्येक गाडीला नाही, आधी टायर मोजा, दात मोजा, मिस्त्रीला विचारा, हेही हवं.
"दादा, इतने साल में कोई गलती पे कॉलम लिखता है? अपनी बेइज्जती क्यों करवा रहे हो?"
आणखी कुणी बदललं असेल तर? भिंडकडे, शिवपुरीकडे. माझा कॉलम तिकडेही जातो. याचा अभिमान होता मला.

पहिला मसुदा लिहिला. 'एक चूक झाली.' कुणाकडून ते वाक्यात नव्हतंच. इतक्या वर्षांची सवय. पत्राचा उल्लेख नव्हता. फाडला.

१३ नोव्हें., गुरु.
उस्मानला आग्र्याहून जोडी मिळाली, ३९ आणि ८, म्हणजे ४.८८. पुढचीही तशीच. मला हाक मारून दात मोजायला लावले. त्याने नाही मोजले, मीच मोजायचे. दोनदा मोजले, बोट काळं झालं. "अब छापिए," म्हणाला, आणि हसला. या आठवड्यात माझ्याकडे बघून हसलेला एकटाच माणूस.

मंजू फोन घेत नाही. मसुदा पाठवला. तासाभराने उत्तर: "पत्राचं लिहिलंस. बरं केलंस. मास्तरांचं नाव त्यांना विचारून टाक." पुढे काही नाही.
मास्तरांकडे गेलो. पाणी दिलं त्यांनी. नाव नको म्हणाले. "बच्ची कैसी है?" एवढंच दोनदा विचारलं.

१४ नोव्हें., शुक्र.
कॉलम साडेतीनला दिला. मथळा घातला नाही, सुचलाच नाही. तिवारी म्हणाला, पत्राचा परिच्छेद संपादकांना खटकतोय, पेपरची बदनामी. मी म्हटलं, तो काढला तर माझं नावही काढा, आणि पुढच्या रविवारपासून कॉलमही. शेवटी म्हणाला, "पूछता हूँ दादा."

सुभेदारांचा फोन, संध्याकाळी. उस्मान सोमवारी क्राउन-पिनियन आणि क्लच बसवणार. मंगळवारी ते स्वतः घाटीगावचा तो चढ चढून बघतील. मंजू शेजारी बसेल, ती हो म्हणाली आहे. तुम्ही या, असं म्हणाले नाहीत.
किल्लीचं विचारलं. "प्लास्टर निघायला महिना आहे. तिलाच विचारू, हवी का."

पानाचं प्रूफ उद्या चारला येईल. पत्राचा परिच्छेद तिसरा आहे. आधी तोच बघायचा.