भर दुपारी झोपायची प्रार्थना

क्रॉमवेल, न्यूझीलंड
१४ जुलै

प्रिय आई,

देव तुला आणि धाकट्या सेलूला सुखात ठेवो. मी बरा आहे, लोकरीची टोपी न चुकता घालतो.

आज बर्फामुळे द्राक्षबागेतली छाटणी बंद होती, म्हणून माझ्या जुन्या मित्राकडे, फिनाऊकडे जेवायला गेलो. त्याच्या वडिलांच्या दफनाला मी गेलो नव्हतो, साधं पत्रही टाकलं नव्हतं. त्याच्या घरचे मला आत घेतील की नाही, याची धास्ती होती.

त्याच्या आईने, लोसेली मावशीने दार उघडलं आणि लगेच स्वयंपाकघरात वळली. अळू इथे मिळत नाही, म्हणून तिने पालकात मांस बांधून नारळाच्या दुधात शिजवलं होतं. सगळे बसल्यावर मला म्हणाली, "प्रार्थना तू म्हण."

राग असता तर प्रार्थना म्हणायला सांगितलं असतं का? मी इतका गडबडलो, की जेवणाची सोडून झोपायची प्रार्थना म्हटली, अगदी "रात्रभर सांभाळ" पर्यंत.

फिनाऊ म्हणाला, "अरे गाढवा, आधी जेवू तरी दे!"

मावशी हसता हसता रडली. "झोपायची प्रार्थना झाली ना? मग आता इथेच झोपायचं."

हे त्यांच्याच टेबलावर लिहितोय. बर्फ कधीच थांबलाय, पण मला कुणी जाऊ देत नाही.

तुझा खोकला थांबला का? खरं लिही.

तुझाच,
सेमिसी