चौदा खिडक्यांचं माप

३ मार्च, मंगळवार

पेटी तयार झाली. ॲल्युमिनियमची, ४० × ३० × २५ सेंटिमीटर. पुठ्ठ्याचा खोका नको म्हणून मीच अडून बसले — पुठ्ठा फुगतो, दबतो. मापं तीनदा तपासली. वजन चार किलो दोनशे.

काम असं: एकच पार्सल, एकच पत्ता, पण शहरातल्या प्रत्येक टपाल कचेरीत पैसे वेगळे लागतात. वर्तमानपत्रात आलं, मग वर हालचाल झाली. टपाल खात्याने मला वजनमाप प्रयोगशाळेतून उसनी घेतलीय. चौदा पार्सल-खिडक्या तपासायच्या, मग अहवाल द्यायचा.

यादीत नववी खिडकी आईची आहे. टपाल खात्याच्या उपसंचालकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मापाला नातं कळत नाही. तुम्हीच करा."

मला ते आवडलं नाही. का, ते सांगता येत नाही.

४ मार्च

दोन खिडक्या झाल्या. दोन्हीकडचे वजनकाटे बिनचूक, पाच ग्रॅमचाही फरक नाही. तरी पेटीला एकीकडे ८२ रुपये सांगितले, दुसरीकडे ७९. दरपत्रकाप्रमाणे हवेत ८४.

५ मार्च

तिसरी खिडकी. इथे रेडिओकाका. आईला खिडकीचं काम यांनीच शिकवलं. एकदा सुरू झाले की बंद करायचं बटण नाही.

"ये गं. मापाचं माप काढायला आलीस? काटा बरोबर निघाला तर चहा तुझा, चुकला तर माझा. आजवर या काट्याने मला फक्त चहा पाजलाय, हे ध्यानात ठेव."

काटा बरोबर. चहा माझा.

मग त्यांनी टेप काढली. मोठी पण हलकी पार्सलं जागा खातात, म्हणून अकरा वर्षांपासून वजनाबरोबर लांबी-रुंदी-उंचीही मोजतात. जे जास्त भरेल त्यावर पैसे. टेप कापडी, पिवळी, कडा विरलेल्या. काकांनी ती अशी खेचली की मला वाटलं आता तुटणार. म्हणाले, एकोणचाळीस, एकोणतीस, साडेचोवीस. माझी पेटी त्यांच्या हातात आक्रसली होती. पावती ७८ची.

मी टेप पोलादी पट्टीशेजारी ठेवली. शंभरची खूण एकशेतीनवर.

"काका, एवढी ताणता कशाला?"

"हौस आहे का मला? वर बघ."

भिंतीवर, काचेखाली, खात्याची सूचना. कलम चार: टेप घट्ट ताणून धरावी. अकरा वर्षं त्यांनी कलम चार पाळलं.

६ मार्च

पहिल्या दोन खिडक्यांच्या टेपही जाऊन मोजल्या. सगळा हिशेब जुळला. टेप तीन टक्के लांबली की तिन्ही बाजू कमी भरतात आणि आकारमान साडेआठ टक्क्यांनी घटतं. जिथे गर्दी जास्त तिथे टेप जास्त लांबलेली, तिथे पैसे कमी. चौदाही टेप एकाच वर्षी, एकाच लॉटमधून आल्यात. कोणी लबाडी केलेली नाही. कापड आहे, ताणलं की लांबतं.

जेवताना आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही फार प्रामाणिक होतो म्हणून चुकलो." आणि हसत सुटली. मीही थोडी.

१० मार्च

सहावी खिडकी. आत दोन जण खोलीच मोजत होते — भिंतीवर लेझरचा लाल ठिपका पाडून. माझ्या कामात भिंती नाहीत. खिडकीवरच्या बाईंना विचारलं.

"पार्सलं त्यांच्या कंपनीकडे जाणार म्हणतात. कालपासून मोजतायत. दार मोजलं, खिडकी मोजली, पंखासुद्धा मोजला. आम्हाला अजून कोणी मोजलं नाही."

त्यातल्या एकाने माझ्या पेटीकडे पाहिलं आणि ओळख असल्यासारखी मान हलवली. मी नाही हलवली.

१२ मार्च

परिपत्रक आलं. ज्या खिडकीत फरक सापडेल तिथला कर्मचारी चौकशी संपेपर्यंत निलंबित. निलंबनाचा काळ पेन्शनसाठी धरला जाणार नाही. त्या काळात पार्सलांचं कंत्राट कंपनीला गेलं तर नोकरी तिथेच संपली.

अशा चौकशा दोन-तीन वर्षं चालतात. आईचे पेन्शनला सोळा महिने उरलेत. ते भरले नाहीत तर सव्वीस वर्षं गेली.

परिपत्रक तिच्या कचेरीतही लागलंय. घरी आल्यावर तिने उद्याच्या डब्यात काय हवं ते विचारलं.

१३ मार्च, शुक्रवार

नववी खिडकी. रांगेत सात माणसं, मी आठवी.

"पुढे या. पेटी वर ठेवा," आई म्हणाली. सगळ्यांना म्हणते तसंच. मग वर न बघता, "डबा खाल्लास का?"

मागचा माणूस म्हणाला, "मावशी, लेक वाटतं? मग सूट द्या की."

"लेकीला सूट नाही. उलट दोन कागद जास्त भरून घेणार."

काटा बरोबर. मग टेप. तिने एक टोक अंगठ्याखाली दाबलं, दुसरं खेचलं. कलम चार. साडेअडतीस, एकोणतीस, चोवीस. पावती ७६ची. आजवरची सर्वांत कमी.

रांग संपल्यावर टेप पट्टीशेजारी ठेवली. १०४.१. ही सर्वांत गर्दीची खिडकी, टेपही सर्वांत लांबलेली. माझं म्हणणं इथेच सर्वांत स्पष्ट सिद्ध होत होतं.

मी विचार केला तो असा: बाकीच्यांची चौकशी होईल, अहवालात टेपचा मुद्दा आहेच, तो वाचतील आणि सगळे सुटतील. उशिरा, पण सुटतील. आईकडे उशीर करायला वेळ नाही.

तक्त्यात लिहिलं — टेप १००.०. बाजू ४०, ३०, २५. पैसे ८४. फरक शून्य.

पावती खिशात घातली. अक्षर नेहमीसारखंच आलं. त्याचंच वाईट वाटलं.

१७ मार्च

चौदाही झाल्या. तेरा खिडक्यांत फरक, तेराही टेप लांबलेल्या. अहवाल दिला. टेपवर चार पानं, आलेखासकट.

१९ मार्च

उपसंचालकांनी बोलावलं. अहवाल टेबलावर उघडा, पान अकरा. नववी खिडकी.

"काम नेटकं आहे तुमचं. एकच विचारतो. ही टेप त्याच लॉटची?"

"हो सर."

"वापर सर्वांत जास्त?"

"हो."

"आणि फरक शून्य." त्यांनी पेन्सिलीने शून्याभोवती गोल काढला. सावकाश, गोल जुळेपर्यंत. "मग टेपचं काय राहिलं? तीच टेप एका खिडकीत बरोबर मोजते. बाकी तेरांत चुकते ती टेप नव्हे, हात."

मी म्हटलं, चौकशीत टेप पुन्हा तपासता येतील.

"जुन्या टेप काल जमा करून नष्ट केल्या. पोलादी दिल्यात. तुमचीच शिफारस ना?"

होती. पान सोळा.

त्यांचा तर्क बरोबर आहे. एक नोंद वेगळी निघाली की नियम मोडतो — मला पहिल्या वर्षी हेच शिकवलं होतं.

२० मार्च

तेरा नोटिसा निघाल्या. "हेतुपुरस्सर कमी आकारणी." टेप हा शब्द कुठेच नाही. आधार म्हणून माझ्या अहवालाचा क्रमांक. आईच्या कचेरीत मात्र अभिनंदनाचं पत्र लावलंय.

२२ मार्च, रविवार

सकाळी रेडिओकाका आले. खुर्चीच्या कडेवर बसले. आईने पाणी दिलं, ते हातात धरून राहिले.

मग माझ्याकडे बघून, अगदी साधेपणाने, "काय गं, तुझ्या आईची टेप लांबली नाही, माझीच कशी लांबली? मी रात्री ओढत बसायचो का ती?"

मी म्हटलं, बघते काका.

"तू बघितलंस ना आधीच."

ते गेल्यावर आई भांडी विसळत होती. पाठमोरी. नळ बंद करून म्हणाली, "माझी किती भरली होती?"

"एकशेचार पूर्णांक एक."

"वाटलंच. अभिनंदनाचं पत्र लावायला मलाच सांगितलं त्यांनी. चार खिळे मारले मी." ती हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी. "मी तुला सांगितलं होतं का असं करायला?"

"नाही."

"उद्या जाऊन खरं सांग."

"तुझी पेन्शन जाईल."

"कुणाची पेन्शन खायला लावतेस मला?"

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

२३ मार्च

गेले. पावती टेबलावर ठेवली आणि सांगितलं — नववीची नोंद खोटी आहे.

उपसंचालकांनी पावतीला हातही लावला नाही. "माहीत आहे. एक तरी शून्य हवं होतं आम्हाला. चौदाही टेप लांबलेल्या निघाल्या तर दोष खात्याचा; हात चुकले म्हटलं की पार्सलं कंपनीला देता येतात. दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं तर ते मिळालं नसतं." मग कोरा कागद पुढे सरकवला, त्यावर पेन. "द्या लेखी. खोटी मापं देणारीची टेपवरची ती चार पानंही मग बाद होतील. आणि तेराचे चौदा होतील, एवढंच."

मी लिहून दिलं.